भामाबाईचा जबाब

भामाबाईने मेंढीचे मागचे पाय स्वतःच्या गुडघ्यांत आवळले, डाव्या हाताने मान दाबून धरली आणि सुनेला म्हणाली, "लाव."

राणीने कोकरू मेंढीच्या पोटाखाली ढकललं. मेंढीने सगळ्या अंगाला हिसका दिला. हे पिल्लू आपलं नाही, हे तिला वासावरूनच कळत होतं. कोकराने दोनदा सड सोडला. तिसऱ्यांदा धरला आणि त्याचं शेपूट हलायला लागलं.

"पितंय," राणी म्हणाली.

"बोलू नगं. पिऊ दे."

अशी आठ कोकरं होती. परवा नऊ मेंढ्या मेल्या. त्यातली एक गाभण होती, बाकी आठ लेकुरवाळ्या. दोन शेळ्या तीन कोकरांना पाजत होत्या. उरलेल्या पाचांसाठी दिवसातून चार वेळा दुसऱ्यांच्या आया अशा धरायला लागत होत्या. भामाबाईच्या मनगटावर खुरांचे ओरखडे उठले होते आणि त्यात घाम झोंबत होता. सकाळचे आठ वाजले होते, तरी ऊस तुटून गेलेल्या त्या मोकळ्या रानात उभं राहवत नव्हतं.

रान हंबीररावांचं. दरसाल कोकणातून परतताना भामाबाईच्या नवऱ्याचा, कोंडीबाचा तळ इथे पडायचा. रात्री मेंढरं रानात बसवायची, त्यांच्या लेंडीमुताचं खत मालकाला. बदल्यात धान्य आणि विहिरीचं पाणी. वैशाख निम्मा सरला की सगळा कळप वडूजच्या पलीकडे आपल्या गावाकडे न्यायचा. पलीकडे कोंडीबा काल रात्रीची वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, गोळा करत होता. रोज ती जागा बदलून लावायची असते. आज त्याच्या हाताला वेग नव्हता. एकेक खुंटा उपटून तो उगाच खाली बघत उभा राहत होता.

बांधावरून मोटारसायकल आली. पुढे बाळासो हवालदार, मागे हंबीरराव. हंबीरराव फौजेतून सुभेदार होऊन आलेले, सत्तरीतही ताठ. उतरल्यावर त्यांनी आधी विजारीवरची धूळ झटकली.

"कोंडीबा, इकडं ये," ते म्हणाले.

कोंडीबा आला. भामाबाई मेंढी धरूनच बसून राहिली. सोडली असती तर कोकराचं पिणं तुटलं असतं.

"उद्या अकराला ठाण्यात यायचं," बाळासो म्हणाला. "मावशींचा जबाब घ्यायचाय. त्या टेम्पोत होत्या ना?"

"पोरगंबी व्हतं की," कोंडीबा म्हणाला.

"मल्हार चालवत होता. त्याचं नंतर बघू. जबाब मावशींचा पाहिजे. बाईमाणूस, वय झालेलं, डोळ्यांदेखत जनावरं मेली. कोर्टात त्याला वजन असतं."

"मी काय सांगायचं?" भामाबाईने विचारलं.

"जे घडलं ते. साहेबांनी मसुदा केलाय. तुम्ही फक्त ऐकायचा आणि अंगठा द्यायचा."

"जे घडलं ते मी सांगाय पायजे ना? मसुदा आदीच कसा झाला?"

बाळासो हसला. "मावशी, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं."

हंबीरराव हसले नाहीत. "भामाबाई, नीट आईक. रस्त्यात बसलेली आकरा जनं धरल्यात. साध्या कलमाखाली गेली तर दंड भरून सांजच्याला घरी. जनावरं जाणूनबुजून मारली, दगड मारला, असं आलं की कलम जड हुतं. मग जामीन न्हाई. पाच वर्सं आत गेली पायजेत. त्याच्या खाली न्हाई."

"सुभेदार, त्यातली ती पोरगी बावीस वर्साची हाय म्हनं," कोंडीबा म्हणाला.

"माजा जयराज तेवीसचा हाय."

हंबीररावांचा नातू जयराज फौजेच्या भरतीसाठी तीन वर्षं पहाटे उठून नदीच्या रस्त्याने पळत होता, हे तळावरच्या कुत्र्यांनासुद्धा माहीत होतं. यंदा तो मैदानी चाचणीत पास झाला. परवा दुपारी एकच्या आत त्याला कोल्हापूरला वैद्यकीय तपासणीला हजर व्हायचं होतं. रस्ता अडल्यामुळे तो पोचला सव्वाचारला. फाटकावरच्या शिपायाने कागद हातातसुद्धा घेतला नाही. भरतीचं वय या साली संपत होतं.

"आमची मेंढरं कुनाच्या उभ्या शाळूच्या पिकात शिरली," कोंडीबा हळू म्हणाला, "की मालक दोन मानसं घिऊन रानात येतो. किती खाल्लं त्ये बघत्यात. तेवढ्या राती मेंढरं फुकाट बसवून घेत्यात. मिटलं. कुऱ्हाड घिऊन कुनी येत न्हाई."

"आन तुजी मेंढरं चुकून शिरत्यात. ही बसलीती ती ठरवून." हंबीरराव वळले. मग जाता जाता थांबून म्हणाले, "इहिरीला पानी कमी हाय औंदा. तरी मी तुमची मोटार बंद केली न्हाई. ध्येनात ठेवा."

मोटारसायकल गेली. कोकराने सड सोडला होता. भामाबाईने गुडघे सैल केले. मेंढी उठून, अंग झाडून, मागे न बघता कळपात शिरली.

---

परवाचं असं घडलं होतं.

पूर्वी सगळा कळप पायीच महामार्ग ओलांडायचा. रस्त्याकडेला वडाची रांग होती, तिच्या सावलीत मेंढरं दम खायची. रुंदीकरणात रांग गेली. कडेला सिमेंटची भिंत आली. म्हणून कोंडीबाने ठरवलं, की थकलेल्या आणि नुकत्या व्यायलेल्या बावीस मेंढ्या टेम्पोने पुढे न्यायच्या, तुडवली जाऊ नयेत म्हणून कोकरं दुसऱ्या खेपेला. टेम्पो गावच्या सूरजचा, चालवायला मल्हार. जनावरं गाडीत घालायची तर डॉक्टरचा दाखला लागतो, आणि एवढ्या टेम्पोत बावीस घालता येत नाहीत. मागच्या साली एका पाहुण्याची मेंढरं पोलिसांनी अशीच उतरवून घेतली होती. म्हणून कोंडीबाने वरून ताडपत्री ओढली, चारी बाजूंनी दोराच्या काढण्या आवळल्या, आणि वरती कडब्याच्या चार पेंढ्या टाकल्या. बघणाऱ्याला वैरण वाटावी.

"तासाभराचा तर रस्ता हाय," तो म्हणाला होता.

साडेअकराला मलकापूर मागे पडलं आणि थोड्या वेळाने गाड्या थांबल्या. पुढे पोरंपोरी रस्त्यावर बसली होती. हातात फलक, गळ्यात साखळ्या, साखळ्या एकमेकांत अडकवलेल्या. झाडं तोडू नका, डोंगर फोडू नका, उन्हाळा वाढतोय, अशा घोषणा येत होत्या. मल्हारने मागे बघितलं. मागेही रांग लागली होती. डाव्या हाताला सिमेंटची भिंत. टेम्पो फिरवायला जागा नव्हती.

बारा वाजले. मेंढ्या आतून फळीला धडका देत होत्या. भामाबाई म्हणाली, "मल्हारा, एक बाजू सोड. वारं जाऊ दे."

"आये, त्यो बघ पोलीस. वीस पावलांवर हाय."

साडेबाराला ती पोरगी आली. सावळी, किडकिडीत, डोक्याला ओला पंचा. रांगेतल्या लोकांना पाणी वाटत होती. टेम्पोपाशी तिने कान दिला.

"आत जनावरं आहेत?"

"वैरन हाय," मल्हार म्हणाला.

"दादा, वैरण ओरडत नाही. ताडपत्री सोडा. मरतील ती."

"तुमी रस्ता सोडा, आमी ताडपत्री सोडतो."

पोरगीने भामाबाईकडे बघितलं. हातातल्या दोन्ही बाटल्या तिच्या मांडीवर ठेवल्या. "मावशी, पाच मिनिटं. मी वाट करून देते." आणि ती पळतच पुढे गेली.

भामाबाईने ती पाच मिनिटं धरून ठेवली. उतरून टेम्पोच्या फळीवर हात ठेवून उभी राहिली. फळी चुलीसारखी तापली होती. फटीतून तिने बाटल्यांचं पाणी आत ओतलं, ते कुठे गेलं कळलं नाही. धडका कमी झाल्या. तिला बरं वाटलं, की गप बसली. मग लक्षात आलं, की मेंढरू असं गप बसत नाही.

पोरगी परत आली नाही. दोन वाजता लाठ्या चालल्या, साखळ्या कापल्या, पोरं गाडीत कोंबली. अडीचला गाड्या हलल्या. तेव्हाच मल्हारने काढण्या सोडल्या. आता पोलीस बघत होता, पण मल्हारला त्याचं काही उरलं नव्हतं.

डॉक्टरने कागदावर लिहिलं, उष्णतेने व गुदमरून.

---

दिवस मावळताना भामाबाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. कोंडीबा समोर बसला. बराच वेळ त्याने तंबाखू मळली, पण तोंडात टाकली नाही.

"उद्या ताडपत्रीचं नाव काडू नगं," तो म्हणाला.

"डॉक्टरनं गुदमरून लिवलंय."

"लिवू दे. गर्दीत गुदमरली म्हनावं." तो थांबला. "काढन्या मी आवळल्या. मला ठावं हाय. पन मल्हारवर केस झाली तर सूरजचा टेम्पो जाईल, पोरगा कोर्टात खेटं घालंल. सुभेदार पानी तोडतील. आठ कोकरं हायती, भामा. पान्याबिगर दोन दीस काढतील का?"

"सकाळी तर कुऱ्हाडीचं बोलत हुतासा."

"सकाळी माझं नाव त्यात न्हवतं."

एवढ्या वर्षांच्या संसारात तो इतकं सरळ कधी बोलला नव्हता. भामाबाईने भाकरी उलटली. पाठीमागे मल्हार टेम्पोच्या फळ्या धूत होता. दोन दिवस तो तेच करत होता. फळ्या कधीच्या स्वच्छ झाल्या होत्या.

"त्या पोरीला पाच वर्सं झाली तर?" ती म्हणाली.

"तिनं आपलं वाटुळं केलं का न्हाई?"

"केलं."

"मग तू का रडतीस?"

"रडत न्हाई. धूर हाय."

---

ठाण्यात पंखा होता, पण तो हवा गरमच फेकत होता. फौजदारसाहेब तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी भामाबाईला खुर्ची दिली. ती बसली नाही. खुर्चीवर बसली तर पाय जमिनीला टेकणार नाहीत, असं तिला वाटलं. ती भिंतीपाशी खाली बसली. मल्हार आणि कोंडीबा बाहेर ओसरीवर. हंबीरराव आत, साहेबांच्या शेजारी.

समोरच्या भिंतीला ती पोरगी बसली होती, बाजूला महिला शिपाई. थोड्या वेळाने तिला परत कोर्टात न्यायचं होतं. तिच्या दंडावर लाठीचा वळ काळानिळा पडला होता. तिने भामाबाईला ओळखलं.

"मावशी," ती म्हणाली.

"गप बस, पूजा," शिपाईण म्हणाली.

साहेब फोनवर बोलत आतल्या खोलीत गेले. भामाबाईने तोच वेळ धरला.

"पाच मिनटं म्हनलीतीस."

"हो."

"का आली न्हाईस?"

पूजाने एकदा हंबीररावांकडे बघितलं आणि मग लपवलं नाही. "मी जाऊन सांगितलं, मागे मेंढरं आहेत, एक बाजू उघडू. आम्ही हात वर करून ठरवलं. सातजण नाही म्हणाले. एक टेम्पो सोडला तर सगळेच सोडावे लागतील म्हणाले."

"आन तू?"

"मी सोडा म्हणाले. मग... साखळीत परत जाऊन बसले."

"आईकलंस?" हंबीरराव म्हणाले. "मतदान घेतलं त्यांनी. तुज्या मेंढरांवर."

भामाबाईला वाटलं होतं, पोरगीला कोणी धरलं असेल, मारलं असेल, म्हणून आली नसेल. हात वर करून ठरवलं होतं. ती फळीवर हात ठेवून उभी होती तेव्हा.

"कुठली तू?"

"मेढ्याच्या वर आमचं गाव. तीन पावसाळ्यांमागं डोंगर खाली आला. माझी चुलती गेली, सात म्हशी गेल्या. शोधायला पण कोणी दोन दिवस आलं नाही. रस्ता अडवल्याशिवाय कोणी बघत नाही, मावशी."

"पुन्यांदा बसशील?"

पूजाने खाली बघितलं. खोटं बोलायला तो चांगला क्षण होता. हंबीरराव ऐकत होते, शिपाईण ऐकत होती.

"बसेन," ती म्हणाली.

हंबीररावांनी नुसते हात पसरले. आता आणखी काय पाहिजे, असे.

साहेब आले. लेखनिकाने कागद वाचायला घेतला. "सदर आंदोलकांनी आमच्या टेम्पोवर दगडफेक केली. जनावरे उतरविण्याचा आम्ही प्रयत्न केला असता, त्यांनी आम्हांस मज्जाव केला, व जनावरे मेली तरी चालतील असे म्हणाले..."

"दगुड कुनी मारला न्हाई," भामाबाई म्हणाली.

"मावशी, आधी पूर्ण ऐका."

"आईकते. पन दगुड मारला न्हाई."

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. "तुमची नऊ जनावरं गेली ना? रस्ता कुणी अडवला?"

"ह्यांनी."

"मग त्यांना शिक्षा व्हायला पाहिजे का नको?"

"व्हाय पायजे."

"मग अंगठा द्या."

भामाबाई उठून टेबलापाशी गेली. शाईचा पॅड उघडा होता. दारातून तिला कोंडीबा दिसला. तो उकिडवा बसून तिच्याकडेच बघत होता. मल्हारची पाठ होती.

"ताडपत्री आमी बांधलीती," ती म्हणाली. "बावीस मेंढरं कोंडून, वर पेंड्या टाकून. दाखला न्हवता. ही पोरगी सोडा म्हनाय आलती. आमी सोडली न्हाई. पोलीस हुभा हुता म्हनून."

लेखनिकाचा हात थांबला. हंबीरराव म्हणाले, "भामाबाई."

"आनि पुडचंबी लिवा. पाच मिनटात वाट करते म्हनली. न्हाई केली. मेंढरं हायती हे कळल्यावर, हात वर करून न्हाई म्हनले. तेबी सुटाय नगं. जेवढं त्यांनी केलं तेवढं त्यांच्या नावावर, आमी केलं तेवढं आमच्या. दगुड लिवू नगा."

"असं लिहिलं तर तुमच्या मुलावर गुन्हा दाखल होईल," साहेब अजून मऊच बोलत होते. "टेम्पो जप्त होईल. आणि यांच्यावरचं जड कलम टिकणार नाही. कळतंय तुम्हाला?"

"कळतंय."

"नुकसान तुमचं, आणि वाचवताय त्यांना."

"वाचवत न्हाई. तिला म्या अजून माफ केलं न्हाई."

पूजाने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

नवीन कागद लिहायला पाऊण तास लागला. तो तिने लेखनिकाकडून दोनदा वाचून घेतला. मग अंगठा उठवला आणि शाई लुगड्याला न पुसता तशीच बोटावर ठेवली. बाहेर मल्हारने काही न विचारता टेम्पोची किल्ली बाळासोच्या हातात दिली. परतीच्या वाटेवर ओढ्याच्या उतारावर तिचा पाय घसरला तेव्हा कोंडीबाने हात दिला, आणि तो नंतर बराच वेळ सोडला नाही.

विहिरीची मोटार बंद होती. पेटीला कुलूप.

जयराज बांधावर उभा होता. आजोबांनी पाठवलं असावं. "उद्या सकाळपातूर रान मोकळं करा म्हनल्यात," तो म्हणाला. जरा घुटमळला. "त्यास्नी पाच वर्सं झाली असती तरी माजं वय काय माघारी आलं असतं, काकी?" उत्तराची वाट न बघता तो निघून गेला.

---

सकाळी नऊला कळप महामार्गावर आला. दीडशे मेंढरं, घोड्यावर बिऱ्हाड, कोकरं जाळीत घालून राणी आणि मल्हारच्या पाठीवर. टेम्पो नव्हता, दुसरा रस्ता नव्हता. दुभाजकाचं काम चालू होतं तिथे दहा हातांची मोकळी जागा होती. कोंडीबा पुढे झाला, तोंडाने आवाज काढला आणि मेंढरं सिमेंटवर उतरली.

उन्हात तापलेल्या त्या पांढऱ्या रस्त्यावर मेंढरं बिचकली. पुढची थांबली, मागची त्यांच्यावर चढली. कळप दुभाजकाच्या तोंडाशी अडकून बसला. भामाबाई काठी आडवी धरून गाड्यांसमोर उभी राहिली. एक थांबली, तिच्यामागे दहा, मग दिसेनाशा झाल्या. हॉर्न सुरू झाले.

पहिल्या मोटारीतल्या माणसाने काच खाली केली. "ए बाई, रस्ता काय बापाचा आहे का? पोलिसांना बोलवू? आत घालायला पाहिजे तुम्हाला."

"घाला," ती म्हणाली. "पन आदी जाऊ दे मेंढरं."

"किती वेळ?"

पाच मिनिटं, असं तिच्या तोंडात आलं. ते तिने बाहेर पडू दिलं नाही.

"ठावं न्हाई," ती म्हणाली.

तिने काठी मल्हारच्या हातात दिली आणि ती रांगेच्या कडेने मागे चालायला लागली. एकेका गाडीपाशी थांबून काचेला कपाळ लावून आत बघत होती. मोटारीत दोन बायका. एसटीत माणसं. सिमेंटचा ट्रक. एक झाकलेला टेम्पो होता, त्याच्या फळीवर तिने हात ठेवला, कान लावला. ड्रायव्हर ओरडला, "काय बघतीस गं म्हातारे?"

"आत काय हाय?"

"कांदा."

"उघडून दाव," ती म्हणाली, आणि तो खाली उतरेपर्यंत तिथून हलली नाही.